मास्टर सोर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘द लेजंड ऑफ झेल्डा’ ही निन्टेन्डोची व्हिडिओ गेम मालिका खेळायला घेतलेला माणूस आज ना उद्या एका तलवारीपाशी येऊन थांबतो. ती कुठे मिळते, मिळाली तर उपटता का येत नाही, हातात आली तर मध्येच बंद का पडते, असे प्रश्न मग सुरू होतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरांत कथेचा शेवट उघड होतो. तिथे ‘स्पॉइलर’ असं लिहिलं आहे. ज्यांना ती गोष्ट स्वतः खेळून अनुभवायची आहे त्यांनी ती उत्तरं खरोखरच वगळावीत, विशेषतः ‘टिअर्स ऑफ द किंगडम’बद्दलचं.

मास्टर सोर्ड म्हणजे नेमकं काय?

हायरूल नावाच्या काल्पनिक राज्यातली प्राचीन पवित्र तलवार. निळी-जांभळी मूठ, पंखांसारखा पसरलेला आडवा भाग आणि पात्यावर कोरलेलं ट्रायफोर्सचं तीन त्रिकोणांचं चिन्ह, ही तिची ओळख. दुष्ट शक्तींना हरवण्यासाठीच ती घडवली आहे आणि ज्याच्या मनात पाप आहे त्याला तिला हातही लावता येत नाही. ती दगडी चौथऱ्यात रोवलेली असते आणि योग्य माणूस येईपर्यंत तशीच राहते. तो योग्य माणूस म्हणजे लिंक, म्हणजे खेळणारे तुम्ही.

ती पहिल्यांदा कोणत्या खेळात आली? प्रत्येक झेल्डा खेळात असते का?

१९९१ साली सुपर निन्टेन्डोवर आलेल्या ‘अ लिंक टू द पास्ट’मध्ये. ताकाशी तेझुका त्याचे दिग्दर्शक आणि शिगेरू मियामोतो निर्माते होते. १९८६च्या पहिल्या खेळात ती नव्हती. तिथे लाकडी तलवार, मग पांढरी आणि शेवटी जादूची तलवार अशी चढती भाजणी होती. ‘माजोराज मास्क’मध्येही ती नाही. २०२४च्या ‘एकोज ऑफ विस्डम’मध्ये तुम्ही राजकन्या झेल्डा म्हणून खेळता, तिथे लिंकची तलवार आहे, पण ती वेगळी.

‘अ लिंक टू द पास्ट’मध्ये तीन पदकं मिळवल्यावर लॉस्ट वुड्सच्या धुक्यात ती सापडते. तिच्याशिवाय किल्ल्यातल्या मनोऱ्यासमोरचा अगानिम या दुष्ट जादूगाराचा जादुई पडदा तुटत नाही. पुढे लोहारांकडून तिला पाणी चढवून घेता येतं आणि त्यानंतर पिरॅमिडमधली परी तिला सोनेरी करते. मला या खेळातली एक बारीक गोष्ट फार आवडते. अगानिमने फेकलेली जादू तलवारीने परतवता येते, तशीच ती किडे पकडायच्या जाळीनेही परतवता येते. करून बघा.

ही तलवार घडवली कोणी?

याचं उत्तर चाहत्यांना वीस वर्षं मिळालं नव्हतं. २०११च्या ‘स्कायवर्ड सोर्ड’ने ते दिलं. कालक्रमात हा खेळ सगळ्यांच्या आधीचा आहे. हायलिया देवीने एक तलवार निर्माण केली आणि तिच्यात फाय नावाचा आत्मा ठेवला. सुरुवातीला ती फक्त ‘देवीची तलवार’ असते. लिंक ती घेऊन तीन पवित्र ज्योती शोधतो: फारोरची, नायरूची आणि डिनची. प्रत्येक ज्योतीत तलवार न्हाऊन निघते, पातं लांब होतं, रंग बदलतो आणि तिसऱ्या ज्योतीनंतर ती मास्टर सोर्ड होते. शेवटी झेल्डाच्या आशीर्वादाने तिला पूर्ण तेज येतं.

म्हणजे देवीने दिलं ते नुसतं पातं. तिची मास्टर सोर्ड झाली ती लिंकने ज्योती शोधल्यामुळे आणि झेल्डाने स्वतःला पणाला लावल्यामुळे. या खेळात झेल्डा डिमाइज नावाच्या असुराचं बंधन टिकावं म्हणून एका स्फटिकात हजारो वर्षं निद्रिस्त राहते. पुढची सगळी उत्तरं वाचताना हे लक्षात ठेवा, कारण मालिकेतल्या जवळपास प्रत्येक मोठ्या खेळात हेच पुन्हा घडतं: तलवार उचलतो लिंक, आणि तिची किंमत मोजतं दुसरंच कोणीतरी.

तलवारीत खरंच आत्मा आहे? ती बोलते का?

हो, फाय. ‘स्कायवर्ड सोर्ड’भर ती तुमच्याबरोबर असते आणि तिचं बोलणं सुरुवातीला रुक्ष वाटतं. अमुक गोष्ट घडण्याची शक्यता इतके टक्के, तुमच्या हातातल्या रिमोटची बॅटरी संपत आली आहे, असं काहीबाही ती सांगत राहते. अनेकांना तिचा कंटाळा येतो. (२०२१मध्ये निन्टेन्डो स्विचवर आलेल्या एचडी आवृत्तीत तिचं मध्ये मध्ये बोलणं बरंच कमी केलं आहे.) पण शेवटी तलवार चौथऱ्यात रोवायची वेळ येते, तेव्हा तीच फाय लिंकचे आभार मानते आणि कायमची झोपी जाते. आकडे मोजणाऱ्या त्या आत्म्याला निरोपाच्या क्षणी भावना म्हणजे काय ते कळलेलं असतं. तो प्रसंग पाहिल्यावर इतर खेळांतली तलवार पूर्वीसारखी दिसत नाही.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये ती शब्दांत बोलत नाही. पण कान देऊन ऐका. झेल्डाच्या आठवणींत तलवार लकाकते तेव्हा जो किणकिणता आवाज येतो, तो फायचा आहे.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये ती कुठे आहे?

हायरूल किल्ल्याच्या उत्तरेच्या घनदाट जंगलात, कोरोक फॉरेस्टमध्ये, ग्रेट डेकू ट्री या बोलणाऱ्या महावृक्षाच्या पायथ्याशी. अडचण तलवारीची नाही, वाटेची आहे. आधी लॉस्ट वुड्स पार करावं लागतं आणि तिथे वाट चुकली की धुकं गुरफटून तुम्हाला पुन्हा सुरुवातीला आणून सोडतं.

नकाशा इथे उपयोगी पडत नाही. सुरुवातीला पेटत्या मशालींच्या मागे जा. मशाली संपतात तिथे एक हातात घ्या आणि तिच्या ठिणग्या कुठे उडतात ते बघा. वारा ज्या दिशेने ठिणग्या नेतो, ती वाट बरोबर. वारा दिशा बदलेल तशी तुम्हीही बदला. दर काही पावलांवर थांबा, ठिणग्या बघा, मगच पुढे जा. धावणारे हमखास चुकतात. आत पोहोचल्यावर आधी तिथलं श्राइन (कोडी असलेलं छोटं मंदिर) सुरू करून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी थेट येता येईल.

तलवार ओढतो, पण लिंक मरतो. किती हार्ट लागतात?

१३. हार्ट म्हणजे लिंकचा जीव दाखवणारी चिन्हं. ती स्वतःची, कायमची आणि पूर्ण भरलेली हवीत. काही पदार्थ खाल्ल्यावर मिळणारी पिवळी जादा हार्ट इथे मोजली जात नाहीत. ओढायला लागलात की तलवार एकेक हार्ट शोषून घेते. डेकू ट्री आधीच बजावतो. स्क्रीनवरची लाल हार्ट विझत जाताना दिसत असली आणि पुरेशी नाहीत हे ठाऊक असलं, तर वेळीच सोडा.

सुरुवात ३ हार्टवर होते, म्हणजे आणखी १० हवीत. दर ४ स्पिरिट ऑर्बमागे एक हार्ट किंवा थोडा स्टॅमिना (धावण्या-चढण्याचा दम) घेता येतो आणि प्रत्येक श्राइन एक ऑर्ब देतं. चार डिव्हाइन बीस्ट (प्रचंड यांत्रिक प्राणी) आहेत, त्यांपैकी प्रत्येकाला मुक्त केल्यावर एकेक हार्ट वेगळं मिळतं. चारही बीस्ट झाले असतील तर ६ हार्टसाठी २४ श्राइन पुरतात. एकही झाला नसेल तर ४० श्राइन. एकूण श्राइन १२० आहेत, तेव्हा काळजी नको.

माझे सगळे ऑर्ब स्टॅमिनावर खर्च झाले. आता?

हातेनो गावात शिंगं असलेली एक मूर्ती आहे. ती एक हार्ट किंवा स्टॅमिनाचा एक भाग १०० रुपीला (रुपी हे खेळातलं चलन) विकत घेते आणि त्याच्या जागी दुसरं १२० रुपीला देते. म्हणजे दर अदलाबदलीला २० रुपी जातात. हवा तितका स्टॅमिना मोडून १३ हार्ट करा, तलवार घ्या आणि परत जाऊन होतं तसं करून घ्या. यात फसवणूक काहीच नाही, खेळानेच ही सोय ठेवली आहे.

तलवार तुटते का? मध्येच ‘शक्ती संपली’ असं का येतं?

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये बाकीची सगळी शस्त्रं तुटतात, ही तुटत नाही. ती दमते. वापरून शक्ती संपली की १० मिनिटं तिला विश्रांती लागते, मग पुन्हा हातात घेता येते. म्हणून झाडं तोडायला, खनिजांचे खडक फोडायला ती वापरू नका. त्यासाठी कुऱ्हाड, हातोडा जवळ ठेवा. हार्ट पूर्ण भरलेली असताना फेकायचं बटण दाबलंत तर तलवार हातातून जात नाही, तिच्यातून प्रकाशाचा झोत निघतो. त्यातही शक्ती खर्च होते.

ती खेळातलं सगळ्यात ताकदवान शस्त्र आहे ना?

नाही. आकड्यांत बोलायचं तर ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये तिची ताकद ३० आहे आणि सॅव्हेज लायनेल क्रशर या शस्त्राची ७८. पण गार्डियन (प्राचीन लढाऊ यंत्रं) किंवा खलनायक गॅननच्या काळ्या शक्तीने भारलेले शत्रू जवळ आले की पातं निळं उजळतं आणि ताकद ६० होते. ‘ऑकारिना ऑफ टाइम’मध्येही बिगोरॉनची दोन हातांनी धरायची तलवार दुप्पट जोराने लागते. तरी गॅननवरचा शेवटचा घाव मास्टर सोर्डचाच लागतो. त्या लढाईच्या सुरुवातीलाच गॅनन ती हातातून उडवून आगीच्या रिंगणाबाहेर फेकतो, म्हणजे तिच्यावाचून लढणं काय असतं ते तुम्हाला आधी कळतं.

ताकदीचा आकडा बघून ही तलवार जोखू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना फक्त मारामारीसाठी शस्त्र हवं आहे त्यांना याच खेळांत दुसरी पुष्कळ मिळतील.

ती कायम ६० करता येते का?

येते, ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’च्या डीएलसीमध्ये, म्हणजे वेगळ्या घ्याव्या लागणाऱ्या जादा भागात. २०१७च्या जून महिन्यात आलेल्या ‘द मास्टर ट्रायल्स’मध्ये तलवारीची परीक्षा आहे. तलवार पुन्हा चौथऱ्यात ठेवायची आणि शस्त्रं, कपडे, खाणं यातलं काहीही न घेता एकामागून एक खोल्या जिंकत जायचं. तीन टप्पे आहेत. पहिल्यानंतर ताकद ४०, दुसऱ्यानंतर ५० आणि तिसऱ्यानंतर कायमची ६०. बहुतेकांचा पहिलाच टप्पा सगळ्यात जड जातो, कारण तेव्हा हातात काहीच नसतं. मिळालेली मशाल, काठी, भांडं, काही टाकू नका. बाण जपा. लपून मागून मारता येत असेल तर समोरून जाऊ नका.

‘ऑकारिना ऑफ टाइम’मध्ये तलवार काढल्यावर सात वर्षं का जातात? (स्पॉइलर)

लिंक तेव्हा लहान मुलगा आहे. तीन रत्नं घेऊन तो टेम्पल ऑफ टाइममध्ये येतो, ऑकारिनावर गीत वाजवतो, दार उघडतं. आत उंच खिडक्यांतून उजेड येतोय, मधोमध चौथरा आणि त्यात तलवार. १९९८ साली त्रिमितीत तो देखावा पाहणाऱ्यांना ती तलवार मुलाच्या मानाने किती मोठी आहे हे लगेच दिसलं असेल. तो दोन्ही हातांनी मूठ धरतो, ओढतो, निळा प्रकाश उसळतो. तलवार मान्य करते, पण वय मान्य करत नाही. नायक व्हायला तो फार लहान आहे, म्हणून त्याला सात वर्षं निद्रेत ठेवलं जातं.

आणि त्याने उघडलेल्या त्याच दारातून गॅननडॉर्फ (माणसाच्या रूपातला गॅनन) पवित्र प्रदेशात शिरतो. तुम्ही जागे होऊन बाहेर पडता तेव्हा बाजारपेठ उद्ध्वस्त झालेली असते. जिथे एक जोडपं नाचत असायचं, कुत्री धावत असायची, तिथे आता रिडेड नावाची किंचाळणारी जिवंत प्रेतं उभी असतात. खेळ तुम्हाला दोष देत नाही. पण दार तुम्हीच उघडलं होतं, आणि ती सात वर्षं हायरूलच्या लोकांनी सोसली.

फॉरेस्ट टेम्पल पूर्ण केल्यावर तलवार परत चौथऱ्यात ठेवून लहानपणात जाता येतं. खेळातली काही कामं फक्त तेव्हाच होतात, त्यामुळे अडकलात तर एकदा मागे जाऊन बघा.

‘विंड वेकर’मध्ये गॅननडॉर्फवर तलवारीचा परिणामच होत नाही. खेळ बिघडला आहे का?

नाही, कथाच तशी आहे. समुद्राखाली गोठलेल्या हायरूल किल्ल्यात ती मिळते. तिथे सगळं काळं-पांढरं असतं आणि तलवार काढली की रंग परत येतात, थिजलेले राक्षस हलायला लागतात. पण तिची शक्ती गेलेली आहे, कारण तिच्यासाठी प्रार्थना करणारे दोन ऋषी, लारूतो आणि फाडो, मारले गेले आहेत. त्यांचे वारस शोधायचे: मेडली आणि माकार. (पुढे स्पॉइलर) दोघं आपापल्या मंदिरात प्रार्थनेसाठी मागे राहतात. मेडली वीणा वाजवत तिथेच थांबते आणि तुम्ही होडी काढून निघून जाता. हा निरोप फार घाईत उरकतो अशी माझी तक्रार आहे.

‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये तलवार कशासाठी लागते?

लिंक शापाने लांडगा होऊन अडकतो. तलवार त्याचा शाप तोडते. ती जंगलातल्या टेम्पल ऑफ टाइमच्या अवशेषांत आहे.

‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्ये ती कशी मिळवायची?

सुरुवातीलाच गॅननडॉर्फच्या विषारी झळीने तलवार गंजून मोडते आणि तुमच्या हातून जाते. परत मिळवायला हार्ट नाही, स्टॅमिना लागतो: दोन पूर्ण चक्रं. खेळ एका चक्रावर सुरू होतो, दर ४ आशीर्वादांमागे (प्रत्येक श्राइनचा एक) पाचवा हिस्सा वाढतो, म्हणजे २० श्राइन. श्राइन १५२ आहेत. इथेही शिंगांची मूर्ती आहे, लुकआउट लँडिंगखालच्या गुप्त भुयारात.

जागा शोधायचे दोन मार्ग आहेत. एक, ग्रेट डेकू ट्रीकडे जाणं. या वेळी वरच्या वाटेने जंगलात शिरता येत नाही. खाली पाताळात उतरून जंगलाच्या बरोबर खालून ‘असेंड’ने, म्हणजे छतातून आरपार वर निघण्याच्या शक्तीने, वर यायचं. डेकू ट्रीच्या पोटातल्या संकटातून त्याला सोडवलंत की तो नकाशावर तलवारीची जागा दाखवतो आणि ती खूण हलत राहते, कारण तलवार स्वतः फिरतेय. दुसरा मार्ग म्हणजे जमिनीवरच्या प्रचंड आकृत्यांमध्ये ड्रॅगनचे अश्रू शोधत कथा उलगडणं. वेळ असेल तर दुसरा मार्गच घ्या. पहिल्या मार्गाने तलवार मिळेल, पण ती कोणाकडून मिळतेय हे कळणार नाही.

लाइट ड्रॅगनच्या कपाळात ती कशी आली? (मोठा स्पॉइलर)

झेल्डा काळाच्या मागे फेकली गेली आहे आणि मोडकी तलवार काळातून तिच्यापर्यंत पोहोचते. तलवार बरी व्हायला पवित्र शक्तीत युगानुयुगं राहायला हवी. माणसाचं आयुष्य तितकं नसतं. गूढ मणी गिळला तर माणूस अमर ड्रॅगन होतो, पण तो कोण होता हे त्याला आठवत नाही. झेल्डाला हे सांगितलेलं असतं. तरी ती मणी गिळते.

तुम्ही ड्रॅगनच्या पाठीवर उतरता तेव्हा ती संथपणे ढगांतून चाललेली असते. केसांसारखी सोनेरी आयाळ, मधोमध तलवार. ओढायला लागलात की ती कळवळून उसळते, वारा झोडपतो, स्टॅमिनाचं हिरवं चक्र संपत जातं आणि लिंक मूठ सोडत नाही. पहिल्यांदा ओढणाऱ्याला इथे प्रश्न पडतो की आपण हिला दुखावतोय का. तो पडायलाच हवा.

‘स्कायवर्ड सोर्ड’, ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आणि ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ या तिन्हींचे दिग्दर्शक एकच, हिदेमारो फुजिबायाशी. तलवारीचा जन्म ज्यांनी सांगितला, त्यांनीच झेल्डाला स्फटिकात झोपवलं, मग शंभर वर्षं एकटीने गॅननला रोखायला लावलं आणि मग हे. मला हा योगायोग वाटत नाही.

तलवारीशिवाय खेळ संपवता येतो?

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आणि ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ दोन्ही, तलवार शोधायला न जाताही, संपवता येतात. पण पहिल्यांदा खेळताना तसं करू नये. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये तलवार उपटल्यावर एक आठवण उघडते, जी दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही. जखमी लिंकला दूर पाठवून झेल्डा एकटीच तलवार डेकू ट्रीकडे घेऊन येते. लिंकसाठी एक निरोप ठेवायचा असतो तिला. तो शब्द तुझ्याच आवाजात त्याला ऐकू दे, असं झाड म्हणतं. मग ती तलवार ठेवते आणि किल्ल्याकडे निघते.

तलवारीने गॅनन कायमचा मरतो का?

नाही. ‘स्कायवर्ड सोर्ड’च्या शेवटी डिमाइज हा असुर तलवारीत कोंडला जातो, पण जाताना शाप देतो: माझा द्वेष पुन्हा पुन्हा जन्म घेईल. म्हणून गॅनन परत येतो, आणि प्रत्येक युगात नवा लिंक, नवी झेल्डा. तलवार मात्र तीच.

हे खेळ मराठीत आहेत का? इंग्रजी कितपत यायला हवं?

मराठीत नाहीत, हिंदीतही नाहीत. पण संवाद पडद्यावर लिहून येतात आणि बहुतेक ठिकाणी तुम्ही बटण दाबेपर्यंत थांबतात, त्यामुळे सावकाश वाचता येतं. आवाजासहित येणारे प्रसंग मात्र थांबत नाहीत. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये जमवलेल्या आठवणी ॲडव्हेंचर लॉगमधून पुन्हा बघता येतात. लहान मुलं खेळणार असतील तर मोठ्यांनी शेजारी बसून संवाद मराठीत सांगावेत. ही गोष्ट मोठ्यांनाही आवडते.

तलवारीची गोष्ट नीट कळावी म्हणून कुठून सुरुवात करू?

कालक्रमाने खेळायचा हट्ट धरू नका. आधी ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’, मग ‘स्कायवर्ड सोर्ड’ची एचडी आवृत्ती, मग ‘टिअर्स ऑफ द किंगडम’. तिन्ही स्विचवर आहेत. फायला ओळखल्यानंतर तिसरा खेळ सुरू केलात तर सुरुवातीलाच तलवार मोडते ते बघवत नाही, आणि ते तसंच व्हायला हवं. ‘अ लिंक टू द पास्ट’ निन्टेन्डो स्विच ऑनलाइनच्या साध्या सदस्यत्वात मिळतो, ‘ऑकारिना ऑफ टाइम’साठी वरचा एक्सपान्शन पॅक घ्यावा लागतो. ‘विंड वेकर’ स्विच २ असेल तरच, त्याच पॅकमधल्या गेमक्यूबच्या खेळांत आहे. दोनच खेळायला वेळ असेल तर ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आणि ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ घ्या, आणि पहिल्यात सगळ्या आठवणी शोधल्याशिवाय दुसरा सुरू करू नका.